तीनशे जीएसएम

ठाकुरद्वारच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका वाया जातात.
मुहूर्ताची मिनिटं चुकतात, आडनावावरचा रफार उडतो,
वधूच्या मामांचं नाव राहतं
आणि मामा म्हणजे काही साधी गोष्ट नाही.
मालक म्हणतात, रद्दीत घाल.
मी घरी आणतो.

एका बाजूला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, पाठ कोरी.
पाठ बाहेर घ्यायची, तिच्यावर दगड रंगवायचा,
अक्षरं आत.
गणपती तेवढा आधी कापून ठेवतो.
बिस्किटांच्या डब्यात सहाशेच्या वर झाले असतील,
दर अनंत चतुर्दशीला डबा उचलतो
आणि परत ठेवतो.

भायखळा स्टेशन मी रविवारी जाऊन मोजलं,
पावलांनी, छत्रीच्या दांड्याने.
हवालदाराने हटकलं. म्हटलं, कागदाचं करायचंय.
कागदाचं, मग मोजताय कशाला, म्हणाला,
आणि टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

पहिलं केलं शहात्तरास एक.
शिलाई मशीन झाकलं गेलं.
हिने आठवडाभर बघितलं, मग विचारलं,
ब्लाऊज आता तिकीट खिडकीवर शिवू का?
दुसरं एकशेसाठास एक, ते फ्रिजवर राहतं.
तिसरं साडेचारशेस एक,
माझ्या चष्म्याच्या केसमध्ये मावतं.

माप उतरवायचं म्हणजे काय सोडायचं ते ठरवायचं.
आधी पन्हळ गेली, बाकड्याच्या फळ्या गेल्या,
मग बाकडं.
कमानींची पहिल्यात नक्षी होती, दुसऱ्यात कड,
तिसऱ्यात पेन्सिलचा एक श्वास.
सगळं ऐकतं. मन घट्ट केलं की सगळं ऐकतं.

कागदाची जाडी ऐकत नाही.
तोच तीनशे जीएसएम, तीच सुरी.
मोठ्या स्टेशनात भिंत होते दोन बोटांची,
मधल्यात चार,
आणि चष्म्याच्या केसमधल्यात जवळजवळ वीतभर.
इमारत जितकी लहान
तितकी तिची भिंत जाड.
हे कळल्यावर मी दोन दिवस काहीच कापलं नाही.

एक गठ्ठा मात्र चुकलेला नव्हता.
दोनशे पत्रिका, अ‍ॅडव्हान्स दिलेला,
चि. सौ. कां. हेमांगी.
न्यायला कुणी आलं नाही,
बाकी पैसे मालकांनी मागितले नाहीत.
सात वर्षं माळ्यावर होता.
कागद उत्तम होता, मी तो वापरला.

गेल्या चैत्रात एक बाई आल्या, भाचीची पत्रिका घेऊन.
प्रूफवर बोट फिरवत ‘विनीत’पर्यंत पोचल्या:
आत्या, हेमांगी यशवंत तोडणकर.
आडनाव तेच.
माझ्याही इथेच छापल्या होत्या, म्हणाल्या.
दोनशे, म्हटलं.
मग?

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याची केस घेऊन गेलो.
छप्पर उचललं.
मोठ्या स्टेशनात ते नाव वेटिंग रूमच्या एका कोपऱ्यात आहे,
शोधावं लागतं.
इथे त्याने अख्खी भिंत घेतली होती,
‘हे’ची मात्रा छताला टेकलेली,
माणूस उभा केला तर दोन पुरुष उंच अक्षर.

त्यांनी मोबाईलचा टॉर्च आत धरला.
खिडक्यांतून उजेड काउंटरवर पडला,
पावतीपुस्तकावर, डिंकाच्या बाटलीवर.
बराच वेळ बघत होत्या.
मला वाटलं, मागतील.
म्हणाल्या, छप्पर चिकटवू नका इतक्यात.
मग पर्स बंद करता करता,
भाचीला जरा पातळ कागद दाखवा.